मागून येणाऱ्याची खाट

बाथरूममधला नळ बंद व्हायच्या आत मास्तरीणबाईंनी भिंतीलगतच्या घडीच्या खाटेवरची चादर चारी कडांनी ताणली, उशीवर हलकी थाप मारली आणि आपल्या पलंगावर येऊन अशा बसल्या की जणू उठल्यापासून त्या खिडकीबाहेरचं धुकंच बघत होत्या.

मास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा चांगला स्वच्छ होता.

"झोप लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली. तुम्हाला?"

"लागली की."

दोघांचंही खोटं एकाच मापाचं होतं, त्यामुळे कुणी कुणाचं उसवायच्या भानगडीत पडलं नाही.

मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. शाळेत भूगोल शिकवला तो मास्तरांनी. बाईंचं दुकान होतं चादरी-पडद्यांचं, आणि घर चाललं ते बरंचसं त्यावर. पण टूरमध्ये बाईला नवऱ्याच्या धंद्याचं नाव लागतं, आणि एकदा लागलं की ते सुटकेसच्या चिठ्ठीसारखं घरी पोहोचेपर्यंत निघत नाही. बाईंनीही ते लावून घेतलं. गल्ल्यावर बसून माणसं ओळखायची सवय असलेल्याला आपण ओळखू न येणं सोयीचंच असतं.

आणि माणसं त्यांनी विमानतळावरच ओळखून ठेवली होती. तीन बहिणी होत्या. त्या अख्खं कपाट खाली काढायला लावतील आणि शेवटी उशीचा एक अभ्रा घेऊन जातील. टोपीवाला होता. तो पहिलाच नमुना पसंत करून वर दुकानदाराशीच गप्पा मारत बसेल. एक नवं जोडपं होतं, 'तू सांग ना', 'नाही, तू सांग' करणारं. असल्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि घरी गेल्यावर रंग आवडत नाही. टूर मॅनेजर मात्र जुना होता. तो बाईंना काकू म्हणायचा आणि त्यांच्याकडे सरळ बघायचं टाळायचा.

या बेटावर मास्तर आणि बाई दरवर्षी येत. तेच दिवस, तोच क्रम. आधी राजधानीतलं मुखवट्यांचं संग्रहालय आणि ढोलांवरचा नाच, मग डोंगरावरचे चहाचे मळे, मग जंगल, शेवटी किनारा. त्यांचा मुलगा ऑफिसातल्या मित्रांबरोबर याच क्रमाने फिरला होता. प्रत्येक मुक्कामाहून त्याने फोटो पाठवले. किनाऱ्यावरून एकच आला, दुपारचा. त्या दुपारीच तो पोहायला उतरला आणि वर आला नाही. समुद्राने पुढेही काही परत केलं नाही, ना माणूस, ना कपडा.

पहिल्या वर्षी दोघं इथे आले तेव्हा बॅगेत त्याचे धुतलेले शर्ट होते. कुठल्या तरी कोळ्यांच्या वस्तीत असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल, असं मास्तरांनी नकाशावर बोट ठेवून समजावलं होतं. पहिल्याच हॉटेलच्या काउंटरवर त्यांनी सांगितलं, "खोलीत तीन जण. मुलगा मागून येतोय." हॉटेलवाल्याने एक घडीची खाट पाठवून दिली. तेव्हापासून ती दरवर्षी, दर हॉटेलात येत राहिली.

आणि दर सकाळी तिच्यावरची चादर चुरगळलेली असायची.

चादरीचं बाईंना कुणी सांगायला नको होतं. टेकून बसल्याची सुरकुती वेगळी, बॅग ठेवल्याची वेगळी, झोपल्याची वेगळी. ही झोपल्याची होती. कुणी तरी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलं. मास्तर पट्टीसारखे सरळ, उताणे झोपत. लग्न झाल्यापासून एका रेषेने हलले नव्हते. पण मुलाच्या खाटेवर जाऊन पडलेला बाप पट्टीसारखा थोडाच पडेल, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. रात्री जाऊन पडत असतील थोडा वेळ. पडू देत. आपल्याला कळलंय हे त्यांना कळू नये, म्हणून त्या रोज सकाळी चादर सारखी करायच्या. बस, एवढाच त्यांचा संसार उरला होता: एकाने चुरगाळायचं, दुसऱ्याने ताणायचं.

नाश्त्याच्या टेबलावर थोरल्या बहिणीने विषय काढलाच.

"तुमचे चिरंजीव कधी येणार हो? विमानतळापासून ऐकतोय, मागून येतोय, मागून येतोय."

"येतोय," मास्तर म्हणाले.

"डोंगर तर झाला बघून. आता काय समुद्रालाच भेटणार वाटतं?"

धाकटी हसली. मॅनेजरच्या हातातला चमचा कपात फिरत राहिला; साखर केव्हाच विरघळली होती. बाईंनी पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "तुम्ही जॅम घ्या ना. एवढं गोड बोलता, तोंड सुकत असेल."

जंगलात उघड्या जीप होत्या. बाई एका कडेला बसल्या, मास्तर पलीकडच्या टोकाला, आणि मधल्या जागेवर मास्तरांनी आपली खांद्यावरची पिशवी ठेवली. धाकटी बहीण चढली, जागा शोधू लागली.

"ती पिशवी घ्या ना मांडीवर, मास्तर."

"ही जागा घेतलेली आहे."

"कुणी?"

"आहे एक जण. मागून येतोय."

धाकटीने मागच्या रिकाम्या रस्त्याकडे वळून पाहिलं. मग टोपीवाल्याने सगळ्यांची सुटका केली. "अहो मास्तर, जंगलात मागून जो येतो ना, त्याला जागा लागत नाही. तो आपल्यालाच घेऊन जातो!"

सगळे हसले. मास्तरही हसले. पिशवी मात्र त्यांनी उचलली नाही. धाकटी पुढे ड्रायव्हरजवळ अवघडून बसली आणि पुढचा सगळा वेळ मान वळवून वळवून त्या पिशवीकडे बघत राहिली.

बाई हसल्या नाहीत. खाट ही बंद दाराआडची गोष्ट होती. ही चारचौघांतली. त्यांच्या थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. आधी एका खुर्चीवर कुणाला बसू द्यायचे नाहीत, मग ताटं जास्तीची मांडायला लावायचे, मग एक दिवस बायकोलाच विचारलं, तुम्ही कोण? बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. ते शांतपणे झाडं बघत होते. एवढं शांत असणं त्यांना बरं लक्षण वाटेना.

वाटेत हत्तींचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मोठे, छोटे सगळे पार झाले, तरी शेवटची हत्तीण रस्त्यातच उभी राहिली, कळप आला त्या झुडपांकडे तोंड करून.

"पिल्लू राहिलं असेल," नवी नवरी कुजबुजली.

सगळे मोबाइल सरसावून बसले. झुडपांतून काही आलं नाही. बऱ्याच वेळाने हत्तीण वळली आणि आपल्या वाटेने गेली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

जेवणासाठी थांबले तेव्हा बाईंनी मॅनेजरला हात धुण्याच्या नळापाशी गाठलं.

"पुढच्या हॉटेलात जादा खाट नको."

"काकू…" त्याने आजूबाजूला पाहिलं. "मास्तरांना विचारलंत?"

"मी सांगतेय ना."

"एवढंच वर्ष राहू द्या ना काकू. त्यांना जरा… किनाऱ्यावर तरी."

"हे पुरे झालं. पुढच्या वर्षी माझं नाव तरी आठवणार आहे का त्यांना, तूच सांग. एक मुलगा गेला माझा. त्याच्या मागे हेही जायला निघालेत, आणि मी बसलेय चादरी सारख्या करत. फोन कर."

मॅनेजरने ओले हात पँटला पुसले आणि फोन काढला.

किनाऱ्यावरच्या खोलीत पोहोचले तेव्हा दुपार कलायची होती. मोठी काच, काचेपलीकडे बाल्कनी, बाल्कनीपलीकडे समुद्र. पोहायला मनाई करणारा लाल झेंडा वाळूत फडफडत होता. खोलीत एक रुंद पलंग, दोन खुर्च्या, भिंतीलगत एक बुटकं टेबल. मास्तर काउंटरवर सह्या करून मागाहून वर आले. दारातच थांबले. त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि टेबलावर येऊन थबकली.

"खाट आली नाही?"

"मी नको सांगितलं."

बाई सगळ्याला तयार होत्या. ओरडण्याला, रडण्याला, खाली धावत जाण्याला. मास्तर खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. एक गाठ बसली होती. ती त्यांनी चिडचिड न करता सोडवली.

"बरं केलंस," ते म्हणाले.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मीच म्हणणार होतो गेल्या वर्षी. पण धीर होईना. म्हटलं, तुझा तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्या."

"माझा?"

"मग कुणाचा? मी पहिल्या वर्षी खाट घेतली ती खरोखर तो येईल म्हणून. दुसऱ्या वर्षी काही मला तशी आशा नव्हती गं. नकाशा मलाही वाचता येतो. पण पहाटे जाग आली की चादर विस्कटलेली दिसायची. कळलं मला. तू रात्री जाऊन पडतेस तिथे. पडू दे, म्हटलं. सकाळी तू ती सारखी करायचीस, तेव्हा मी आत नळ सोडून नुसता उभा राहायचो. तुला घाई नको व्हायला."

बाईंचा हात पलंगावरच्या चादरीच्या काठावर होता. अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट, असं त्या ते कापड चाचपत होत्या, गिऱ्हाईक समोर असताना करायच्या तसं. काच बंद होती, तरी त्यांना दंडावर वारा लागल्यासारखा वाटला.

"आणि जीपमधली पिशवी?"

"तुझ्या शेजारी परकं कुणी बसलं की तू अंग चोरून घेतेस. या तीन वर्षांत बघतोय मी. म्हटलं, राहू दे मोकळी जागा." ते ओशाळून हसले. "टोपीवाल्याला काय, हसू दे."

मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. अगदी जागच्या जागी होतं. ज्या गोष्टीसाठी बाईंनी मनातल्या मनात नवस बोलायचे तेवढे बाकी ठेवले होते, ती गोष्ट समोर पायमोजे काढत बसली होती.

"भिंतीकडे तोंड करून पडायचीस ना?" मास्तरांनी हळूच विचारलं. "गुडघे वर घेऊन. तो झोपायचा तसं."

त्यांनी मान वर केली. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ओळखला. असं गिऱ्हाईक रोज येतं. त्याने मनात सगळं ठरवलेलं असतं, कापड खांद्यावर टाकूनही पाहिलेलं असतं; त्याला फक्त दुकानदाराची एक मान हवी असते. ती मिळाली की ते हलकं होऊन घरी जातं. नाही मिळाली तर तिथेच उभं राहतं, दिवे मालवायच्या वेळेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी परत येतं.

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच."

"वाटलंच मला."

"आता नाही जमत पण. ती मेली खाट, मधोमध लोखंडी दांडा. कंबर धरते."

मास्तर मोठ्याने हसले. इतक्या दिवसांनी असे हसले की मध्येच त्यांना ठसका लागला, आणि ठसक्याच्या आडोशाने त्यांनी डोळेही पुसून घेतले. "मग पुढच्या वर्षी दुसरीकडेच जाऊ की. वाळवंट बघू एखादं. मुलांना वाळवंट शिकवून शिकवून घसा कोरडा पडला, मी अजून पाहिलेलं नाही."

"जाऊ."

"खरंच?"

"अहो, जाऊ म्हटलं ना."

खालून टोपीवाल्याची हाक आली, "मास्तर, येताय का? भरतीबद्दल या बायकांना काही तरी सांगा, माझं ऐकत नाहीत!" मास्तर उठले, चपला घातल्या. दारात वळून म्हणाले, "तू पड जरा." जिन्यावरून त्यांची पावलं उतरली ती थकलेल्या माणसाची नव्हती.

बाईंनी बाल्कनीतून पाहिलं. मास्तर वाळूत काठीने चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढत होते. तिघी बहिणी गोल करून उभ्या होत्या, आणि धाकटी पहिल्यांदाच मन लावून ऐकत होती. पाण्याकडे मास्तरांची पाठ होती.

त्या आत आल्या. टेबलाला हात घालून त्यांनी ते भिंतीपासून ओढलं. जड होतं, दोनदा थांबावं लागलं. कपाटातून जास्तीची चादर आणि उशी काढली. चादर तिथे फरशीवर अंथरली, कोपरे दुकानात दुमडायच्या तसे नीट दुमडले, आणि उशी भिंतीच्या बाजूला सारून ठेवली. मग पलंगावर भिंतीकडे पाठ करून बसल्या. समोर काचेत समुद्र होता. सूर्य पुढ्यात असल्याने काचेत खोलीचं प्रतिबिंब दिसत नव्हतं. ते त्यांना बरं वाटलं.

बराच वेळ काही झालं नाही.

मग पाठीमागे कापड सरकल्याचा, अगदी बारीक, त्यांना चांगला ओळखीचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि घरी स्वयंपाकघरातून ओरडायच्या त्याच सुरात म्हणाल्या,

"पाय पुसलेस का? वाळू आणू नकोस आत."