दुसरा ब्रेक

"यांचा पाय ब्रेकवर जातच नाही," परीक्षा घेणारे साहेब गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "थांबायची रेघ आली तरी बाई निवांत. गाडी काय आपोआप थांबणार आहे?"

त्यांनी कागदावर काट मारली आणि पुढच्याला हाक दिली. सिस्टर उतरल्या. दार नीट लागलं नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा उघडून लावलं. ही तिसरी खेप होती. पहिल्या दोन वेळी त्या रडल्या होत्या. आज त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि सरळ फाटकाकडे चालायला लागल्या. कुंपणापाशी उभ्या असलेल्या मास्तरांना ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं झाली त्यांना या कामात. गावातल्या निम्म्या लोकांना आपण गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून जीव वाचवायला शिकवलं, असं ते स्वतःच सांगायचे. शिकाऊ गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी मास्तर बसतात आणि त्यांच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर तो दाबायचा. परीक्षेच्या गाडीत हा दुसरा ब्रेक नसतो. साहेबांचं बोलणं ऐकताच मास्तरांनी खाली आपल्याच पायाकडे पाहिलं, ते यामुळेच.

सिस्टर आरोग्य केंद्रात नर्स होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या आणि नळ्या बदलायच्या, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. इतकी वर्षं नवरा स्कूटरवरून नेऊन सोडायचा आणि बाहेर पेपर वाचत थांबायचा. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. केंद्राने सांगितलं, फेरीसाठी छोटी गाडी आहे, ती स्वतः चालवा. महिनाअखेरपर्यंत लायसन्स आलं नाही तर फेरीवर दुसरी नर्स जाईल आणि तुम्ही भांडारात बसा, कापसाच्या गठ्ठ्यांची राखण करत. सिस्टर म्हणायच्या, माझी माणसं माझ्या हाताला सरावलीत, एक म्हातारे तर दुसऱ्या कुणाला पाठ दाखवायलाच तयार नाहीत.

शिकायला आल्या त्या पहिल्याच दिवशी भर चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला आणि सिस्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागल्या. मास्तरांना वाटलं, या बाईने आधीच पुष्कळ सोसलंय, आता आणखी एक धक्का नको. त्या दिवसापासून वळण आलं, सिग्नल आला, कुणी आडवं आलं, की मास्तरांचा पाय आपल्या ब्रेकवर जायचा. दाबायचा तोही इतका अलगद की सिस्टरना वाटावं, आपलाच पाय पडला. गाडी लोण्यासारखी थांबायची. सिस्टर हळूच हसायच्या. मांजराने डोळे मिटून दूध प्यावं तसे मास्तर दोन महिने स्वतःला सांगत राहिले, बाई छान शिकतायत, परीक्षेत तेवढ्या घाबरतात.

घरी आल्यावर त्यांनी जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, कारण सिस्टरच्या जादा सरावापायी त्यांचे तीन रविवार गेले होते. रविवारची गोष्ट अशी की बायकोची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ताईच्या पायाला जखम, ती बाहेर पडू शकत नव्हती. दोन बस बदलून तिच्याकडे जायचं तर बायकोच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. म्हणून रविवारी, मास्तर मोकळे असले तर, शिकाऊ गाडीने जायचं. नसले तर पुढचा रविवार.

बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिला तुम्हीच नापास केलंत," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, अगं, मी तिच्या भल्यासाठीच करत होतो.

"भल्यासाठीच करता तुम्ही सगळं. मी शिकते म्हटलं तेव्हाही भल्यासाठीच म्हणाला होतात, मी आहे ना, तुला कशाला हवंय." ती ताटं उचलायला लागली. "तिला निदान नापास तरी व्हायला मिळालं."

आवाज चढलेला नव्हता. भाजी महाग झालीय म्हणावं तशी ती बोलली आणि आत गेली. मास्तरांना आठवलं, तिने एकदा नाही, तीनदा विचारलं होतं. एकदा लग्नानंतर, एकदा मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा, आणि एकदा ताई त्या टोकाला राहायला गेली तेव्हा. प्रत्येक वेळी त्यांना स्वतःचं उत्तर मोठं प्रेमाचं वाटलं होतं. गावातल्या किती बायकांना त्यांनी शिकवलं, आणि दिव्याखाली असा अंधार. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून झाल्या गोष्टी बदलत नाहीत. सिस्टरच्या हातात मात्र अजून बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या पटांगणात मास्तरांनी गाडी उभी करायला सांगितली आणि सरळ कबूल केलं. एकतीस वर्षांत शिकणाऱ्यापुढे मान खाली घालायची त्यांची ही पहिलीच वेळ. सिस्टरना आधी काही समजेचना. मग त्यांनी वाकून मास्तरांच्या पायाशी असलेला ब्रेक पाहिला.

"म्हणजे दोन महिने गाडी मी चालवतच नव्हते?"

"चालवत तुम्हीच होतात. थांबवत मी होतो."

सिस्टर सरळ बसल्या. "मला वाटायचं, हे गेल्यावर एक तरी गोष्ट माझी मला जमली," त्या म्हणाल्या.

"मागे बसा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तर मागे बसले. या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. तिथला पट्टा कुठे अडकवायचा हे शोधण्यात त्यांचा वेळ गेला, तोवर गाडी निघालीसुद्धा. समोर रिकामं पिंप ठेवलेलं होतं, त्याच्या अलीकडे थांबायचं होतं. मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला. पिंप धाडकन आडवं झालं आणि गडगडत कुंपणापर्यंत गेलं.

मास्तर दार उघडायला लागले तर सिस्टरनी हात करून त्यांना बसवलं. त्या स्वतः उतरल्या, पिंप ढकलत आणलं, जागेवर उभं केलं, बंपरला पडलेला पोचा बोटाने चाचपला आणि पुन्हा गाडीत बसल्या. दुसऱ्या वेळी पिंप नुसतं हललं. पाचव्या वेळी गाडी इतकी अलीकडे थांबली की मधून बैलगाडी गेली असती. पण थांबली होती ती सिस्टरच्या पायाने. त्या दिवशी सिस्टर मास्तरांशी कामापुरतंच बोलल्या.

रस्त्यावर मात्र मास्तरांना मागे बसून चालण्यासारखं नव्हतं. तिथे त्यांनी दुसरी युक्ती काढली. चपला काढायच्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचं, म्हणजे पाय ब्रेकपासून लांब, आणि सिस्टरना ते दिसतही राहणार. खरोखरच कुणाच्या जिवावर बेतलं तर पाय खाली जायला कितीसा वेळ लागतो, असं ते मनाशी म्हणायचे, पण एकसष्टाव्या वर्षी मांडी सोडायलाच त्यांना आधार लागायचा. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्याने, तोही त्यांचाच शिष्य, खिडकीतून डोकावून विचारलं, "मास्तर, जेवायला बसलात की काय?" सिस्टर त्यावर हसल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच हसल्या आणि हसता हसता हिरवा दिवा लागल्यावर गाडी न अडखळता पुढे घेतली.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना चौथी परीक्षा झाली. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी सही केली, आणि साहेब काही न बोलता सही करतात ते कौतुकच असतं, हे मास्तरांना माहीत होतं. सिस्टरनी कागद दोनदा वाचला आणि नीट घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात केंद्राची पांढरी गाडी मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तर शिकवणीवर होते. सिस्टर संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. कसं काय बोलणं निघालं कुणास ठाऊक, पण त्या आणि मास्तरांची बायको तासभर बोलत बसल्या. ताईची जखम, तिला लागणारी पट्टी, सगळं निघालं. ताईची गल्ली सिस्टरच्या बुधवारच्या फेरीत येत होती. सिस्टरनी बायकोला विचारलं म्हणे, की शिकायचंय का अजून? त्यावर ती म्हणाली, आता ब्रेक कुठला आणि चष्मा कुठे हेच मला कळायचं नाही, शिकायचं वय होतं तेव्हा होतं. हे सगळं मास्तरांना संध्याकाळी संत्रं सोलताना कळलं.

"मी बुधवारी ताईकडे जाणारे," बायको म्हणाली. "सिस्टर नेणारेत. संध्याकाळी परततील तेव्हा आणून सोडतील."

"अगं, मी रविवारी नेतो की."

"रविवारीपण न्या."

मास्तर संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत राहिले. लग्न झाल्यापासून ती घराबाहेर जाण्यापूर्वी त्यांना विचारत आली होती. आज तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिचा त्यात काही तोरा नव्हता. हा फरक तिच्या लक्षात तरी आला होता की नाही, कोण जाणे.

बुधवारी सकाळी ती नऊलाच तयार होऊन बसली. ठेवणीतली साडी, हातात ताईसाठी डबा. जाताना तिने सांगितलं, जेवण झाकून ठेवलंय, चारला चहा तेवढा तुमचा तुम्ही करून घ्या. सिस्टरनी पुढचं दार उघडून तिला हात दिला. गुडघ्यांना पायरी नव्हती, ती सहज बसली. मास्तर फाटकात उभे राहिले. गाडी निघाली तेव्हा त्यांना आठवलं, पाण्याच्या टाकीपाशी कालच रस्ता खणलाय, ते सांगायचं राहिलं. त्यांनी हात वर केला. पण कोपऱ्यावर गाडीचा वेग आधीच कमी झाला होता. इंडिकेटर लागला आणि ती बरोब्बर अलीकडच्या गल्लीत वळली. मास्तरांनी वर केलेला हात केसांवरून फिरवला आणि आत आले.

चार वाजता ते चहा करायला उठले. पातेलं समोरच होतं, दूध होतं, पावडरही सापडली. साखर सापडेना. फळीवर एकसारखे आठ डबे होते. एकात मीठ निघालं, एकात तांदूळ, एकात दोऱ्याची रिळं. आख्ख्या गावाला रस्त्यावर गाडी चालवायला शिकवणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात वाट चुकून उभा होता. त्यांनी फोन उचलला आणि बायकोचा नंबर लावला. फोन उचलला की ती आधी साखर कुठे आहे ते सांगेल, मग जेवलात का विचारेल, मग म्हणेल, येऊ का लवकर?

रिंग वाजायच्या आत त्यांनी फोन बंद केला. बिनसाखरेचा चहा कपात ओतला, खिडकीपाशी बसले आणि सगळा संपवला.