तोंडात तीळ न भिजणारा माणूस

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. बायकोसाठी गुपचूप भेटवस्तू आणली, तरी काय आणलंय ते दारातूनच ओरडून सांगायचा. चष्मे विकत गावोगाव हिंडायचा आणि या गावच्या भानगडी त्या गावाला फुकटात पोचवायचा. घरात सगळे त्याला दवंडी म्हणत.

म्हणूनच साहेबांनी त्याला निवडलं.

साहेब म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, आणि युद्धाच्या काळात गुप्तचर खात्याचा प्रमुख. एका विमा कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, काळा कागद चिकटवलेल्या खिडक्यांआड त्यांचं ऑफिस होतं. कोण कशाला भुलतो, कोण किती मार खाल्ल्यावर बोलतो, हे ते माणसाकडे नुसतं बघून सांगत. आजवर चुकले नव्हते, आणि तिथेच घात झाला.

हल्ला दक्षिणेकडच्या पुलावरून व्हायचा होता. तो उत्तरेच्या बंदरातून होणार, असं शत्रूला पटवायचं होतं. खोटं पटवायचं तर ते खरं मानणाऱ्याच्याच तोंडून यावं लागतं. साहेबांनी मेहुण्याला बंदराचं सांगितलं आणि शत्रूच्या मुलखातल्या एका घराचा पत्ता दिला. त्या घरावर शत्रूचा पहारा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"दादा, पकडलं तर?" मेहुणा पांढराफटक पडला होता. दाढ काढायला गेला तरी घेरी येणारा माणूस तो.

"मेलात तरी बोलायचं नाही," साहेब म्हणाले. तसं म्हटलं नसतं, तर त्यालाही संशय आला असता.

तो ठरल्याप्रमाणे पकडला गेला. पण बोलला नाही. शत्रूचं सैन्य जागचं हललं नाही, आणि पुलावर गेलेली आपली पोरं पुलावरच राहिली. पुढे युद्ध भलत्याच कारणांनी जिंकलं गेलं आणि साहेबांना बढती मिळाली.

शांतता झाल्यावर एके दुपारी बहीण ऑफिसात आली. नवरा परत आला नव्हता; त्याच्या कोठडीतला एक शिंपी सुटून आला होता, त्याला भेटून ती थेट इकडेच आली होती. हिला सगळं कळलं असेल, तर आजपासून आपल्याला बहीण नाही, हे साहेबांना कळत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

"दादा, बोटं मोडली रे ह्यांची. तरी हे गप्प."

साहेबांनी तिच्यासाठी टेबलापाशी खुर्ची ओढली.

"तो शिंपी म्हणाला, 'बाबा, कशाला एवढं सोसतोस, टाक सांगून.' तर हे काय म्हणाले माहितेय? 'जन्मात कुणी मला एक गोष्ट विश्वासाने सांगितली नव्हती. दादांनी सांगितली.'" ती हसली आणि पदराऐवजी हाताच्या पालथ्या बाजूनेच डोळे पुसले. "आम्ही सगळे चिडवत राहिलो. तू एकट्याने ओळखलंस त्यांना. हो ना रे?"

सांगून टाकावं, असं साहेबांना क्षणभर वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

"हो," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला.

बहीण टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थांबेपर्यंत तो काढायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.