साडू, शिडी आणि रोलर

रोलरच्या इंजिनाने प्राण सोडला तो भर रस्त्यात, भर कामात आणि मालकांच्या डोळ्यांदेखत. आधी खडखड झाली, मग असा एक दणका बसला की आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली, आणि इंजिनाच्या कुशीला भोक पाडून पिस्टनचा दांडा बाहेर डोकावला. कप्तान खाली उतरले. त्यांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि काळं तेल पुसायला खिशात रुमाल शोधू लागले.

कप्तान हे त्यांचं टोपणनाव. एकतीस वर्षं ते त्याच एका रोलरवर बसत होते. रोलरचा वेग असा की शेजारून चालणारा माणूस सहज पुढे निघून जाई, पण कप्तानांचा तोरा जहाज हाकणाऱ्याचा. गादीला त्यांच्या बैठकीचा खळगा पडला होता. दुसरं कोणी बसलं की ते एका बाजूला कलायचं, आणि कप्तानांना त्याचं मनातून बरं वाटायचं.

"आता भंगारात काढू," मालक म्हणाले.

"भंगारात कशाला? इंजिन बदलू. आमचे साडू बसवतील," कप्तान बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. कारण या साडूशी त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. साडूने एकदा शिडी नेली, ती परत केली नाही. कप्तानांनी मागितली नाही, कारण नेणाऱ्याने आपण होऊन आणून द्यावी. आणि त्याने आणली नाही.

"ठीक आहे," मालक म्हणाले. "सोमवारी इंजिन चालू झालं पाहिजे. मंगळवारपासून रोलर आमचे जावई चालवतील. नवं इंजिन, नवा ड्रायव्हर! तुम्ही आता कार्यालयाच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसा. खूप राबलात."

खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा आणि समोरून आपला रोलर दुसऱ्याने हाकायचा! पण इंजिन बसवलं नाही तर रोलरचे तुकडे होणार होते. तुकडे होण्यापेक्षा जावयाच्या हाती गेलेला बरा, असं कप्तानांनी स्वतःला समजावलं. समजूत काही पटली नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण इथे हरी पाय धरायलाही जाईना. शेवटी बायकोच धाकट्या बहिणीकडे गेली आणि तिच्या नवऱ्याला म्हणाली, "भावोजी, या माणसाला घरी बसवलं तर तो माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालेल. माझ्याकडे बघून तरी या."

साडू आला. येताना त्याने भंगारवाल्याकडून एक इंजिन आणलं. ते एका मोडीत काढलेल्या बोटीचं होतं, पण कंपनी तीच आणि मापही तेच. बोटीत अशी दोन इंजिनं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. साडूने त्यातलं कमी गंजलेलं उचललं. तो कधी कागदपत्रं वाचत नसे. "कागद वाचायला काय, कोणीही वाचतो," असं त्याचं म्हणणं होतं.

रोलर ओढून कार्यालयाच्या आवारात आणला होता; तिथे कामाला सुरुवात झाली, पण बोलायचं कोणाशी? दोघांनी मिळून रोलरलाच मध्यस्थ केलं.

"रोलर," साडू चेनपुली लावत म्हणाला, "तुझ्या ड्रायव्हरला सांग, साखळी हळू सोडायची."

"रोलर," कप्तान म्हणाले, "मेकॅनिकला सांग, एकतीस वर्षांत मी काहीच जोरात केलेलं नाही."

असे तीन दिवस गेले. जुनं इंजिन निघालं, बोटीचं आत उतरलं, बोल्टला बोल्ट जुळला. साडू कामाला वाघ होता, हे कप्तानांनाही मान्य होतं. फक्त ते रोलरला सांगून काय उपयोग, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी इंजिन सुरू झालं. असं गोड, एकसारखं धडधडलं की कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष पुढच्या पंख्याकडे गेलं. एकतीस वर्षं तो उजवीकडे फिरत होता. आज डावीकडे फिरत होता.

"रोलर," ते म्हणाले, "तुझा पंखा उलटा फिरतोय का रे?"

साडूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रोलर, त्यांना सांग, ज्याचं काम त्यानं करावं! माझ्या कामात खोट काढायला मी यांचं काय घोडं मारलंय?" त्याने इंजिन बंद केलं, पिशवी उचलली आणि तो तडक घरी गेला. रोलर चालवून बघायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी मालक चाचणी बघायला आले, खुर्ची टाकून बसले. जावई काळा चष्मा लावून रोलरवर चढले आणि लगेच एका बाजूला कलले. साडू फुरंगटून लांब उभा होता.

"लिव्हर पुढे केला की पुढे, मागे केला की मागे, मध्ये ठेवला की थांबतो," कप्तान कोरडेपणाने म्हणाले.

"माहीत आहे," जावई म्हणाले. त्यांनी लिव्हर पुढे ढकलला. रोलर मागे निघाला.

मागे मालक बसले होते.

"अहो, पुढे! पुढे!" मालक ओरडले.

"पुढेच ढकललाय!" जावई ओरडले, आणि त्यांनी लिव्हर आणखी जोरात पुढे ढकलला. रोलर आणखी जोमाने मागे आला. घाई मात्र त्याला नव्हतीच. मालकांना उठायला, खुर्ची ओढायला, तिचा पाय मातीत रुतलाय हे कळायला आणि शेवटी खुर्ची सोडून बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळाला. "मध्ये ठेवा!" कप्तान दोनदा ओरडले. पण जावयांचं म्हणणं, लिव्हर बरोबर आहे, रोलरच चुकतोय. खुर्ची चपटी झाली. तिच्याही मागे कार्यालयाची भिंत होती.

कप्तान रोलरच्या बरोबरीने चालत गेले, पायरीवर चढले, जावयांचा हात बाजूला केला आणि लिव्हर मागे ओढला. रोलर क्षणभर थबकला आणि शहाण्यासारखा पुढे निघाला. आपल्या जागी नेऊन कप्तानांनी तो थांबवला.

साडू धावत आला. त्याने पंख्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "बोटीला दोन इंजिनं," तो पुटपुटला. "एक सुलटं फिरतं, एक उलटं, म्हणजे बोट सरळ जाते. मी उलटं आणलं."

"मग हे दुरुस्त होईल का नाही?" मालकांनी चपट्या खुर्चीकडे बघत विचारलं.

कप्तानांना उत्तर माहीत होतं. लिव्हरच्या तळाशी एक रॉड होता, त्याला एकतीस वर्षं त्यांनीच ग्रीस लावलं होतं. तो इकडचा काढून तिकडे जोडला की पुढचं पुढे आणि मागचं मागे. दहा मिनिटांचं काम. साडूलाही ते माहीत होतं, कारण त्याचा हात खिशातल्या पान्याकडे गेलेला कप्तानांनी पाहिला.

सात वर्षांत पहिल्यांदा साडूने कप्तानांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग त्याने रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"नाही," तो मालकांना म्हणाला. "पंखा दुसरा बसवून देतो, पण बाकी हे असंच चालणार. ज्याच्या हाताला जमलं त्यानंच चालवावा. नाहीतर आज खुर्ची, उद्या भिंत."

जावयांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आपल्याला कार्यालयातलं काम जास्त मानवेल असं सांगितलं. मालकांनी कप्तानांना हातानेच खूण केली, बसा. कप्तान आपल्या खळग्यात बसले.

"साडूबुवा," त्यांनी हाक मारली. रोलरला नव्हे, साडूला. "शिडी राहू द्या तुमच्याकडेच."

साडूने मान खाली घातली. "ती नेली त्याच दिवशी मोडली हो. सांगायला तोंड नव्हतं."

कप्तान जरा सरकले, गादीवर हात थोपटून त्याला वर बोलावलं, आणि तो शेजारी कलून बसल्यावर त्यांनी लिव्हर मागे ओढून रोलर पुढे काढला.