कानाने लावलेला कोन

सभागृहात लाउडस्पीकर टांगणाऱ्या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. खोकं खाली आलं तरच लोक मान वर करून बघतात. कानसेनला याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण स्वतःचं कौतुक करायला तो एकटा पुरेसा होता. कानसेन हे नाव त्याला धंद्यातल्या लोकांनी दिलेलं, आणि बायको रागावली की घरातही तेच चालायचं.

कामाला मात्र माणूस चोख. प्रत्येक खोक्याला मुख्य कडीशिवाय दुसरी पोलादी दोरी, आणि तीही वेगळ्या हुकाला. दोन्ही एकाच हुकात अडकवणारा गडी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कामाला नसायचा. अँप्लिफायर चालू करायचा सगळ्यांत शेवटी, बंद करायचा सगळ्यांत आधी. खाली कोणी उभं असेल तर वर पाना फिरवायचा नाही. आणि कानात बोळे घातल्याशिवाय वाजत्या खोक्याजवळ फिरकायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांना लागू होता, फक्त त्याला नव्हता. "बोळे घातले की आवाज खोटं बोलतो," असं म्हणत तो मोकळ्या कानांनी खोक्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. एक-दोन दिवस नाही, चांगली तीस वर्षं. शहाण्या माणसाचा मूर्खपणा असा ठरावीक जागी असतो आणि तिथे कोणाचं काही चालत नाही.

त्या दिवशी काम होतं परिचारिकांच्या महाविद्यालयात. नवं सभागृह, चार मोठी खोकी, त्यातली तीन लागली होती. चौथ्याचा कोन तेवढा बसवायचा होता. कोन किती अंश ठेवायचा ते कागदावर छापलेलं असतं, चौकटीवर खुणाही असतात. पण कागद बघून कोन लावणं कानसेनला कमीपणाचं वाटे. त्याची रीत वेगळी. बोल्ट सैल करायचा, लेकीने माणसाला वर नेणाऱ्या यंत्राच्या पाळण्यात उभं राहून खोकं दोन्ही हातांनी तोलून धरायचं, आणि याने तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा बारीक 'स्स' आवाज सोडून शेवटच्या रांगेत बसायचं. आवाज नीट पोचेपर्यंत वर घे, खाली घे. सहा वर्षं लेक त्याच्या हाताखाली होती आणि सहा वर्षं कोन असेच लागले होते.

"एक बोळा काढ," तो खालून म्हणाला, "नाहीतर मी सांगतो ते तुला कळायचं नाही."

तिने उजव्या कानातला काढला.

शेवटच्या रांगेत त्याला 'स्स' काही सापडेना. तो उठून आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरकडे गेला आणि वरचे, बारीक सूर थोडे वाढवले.

"आला का?"

"कधीचाच आलाय, बाबा. पुरे."

पोरीला घरी जायची घाई झालीये, असं त्याने धरलं आणि बटण आणखी फिरवलं. व्यासपीठावरचा माइक सकाळी त्यानेच तपासला होता आणि तो चालूच राहिला होता. खोक्यातला आवाज माइकने उचलला, माइकचा खोक्याने, आणि सुरीच्या पात्यासारखी शिट्टी सभागृहभर सुटली.

कानसेन मान तिरकी करून शांतपणे 'स्स' शोधत होता.

दारात महाविद्यालयाच्या व्यवस्थापक बाई आल्या. दोन्ही कान दाबलेले, चेहरा वाकडा. यांना काय झालं, असं त्याच्या मनात आलं. "अहो, बंद करा ते!" बाई ओरडल्या, तेव्हा त्याने वर पाहिलं. लेक दात आवळून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, उजवा कान खोक्याच्या जाळीला टेकलेला. कान झाकायला हात मोकळा नव्हता. दोरी होती, खोकं जमिनीवर आलं नसतं. पण सोडलं असतं तर गिरकी घेऊन तिच्याच छातीवर बसलं असतं.

त्याने झडप घालून अँप्लिफायर बंद केला. लेकीने आधी बोल्ट घट्ट आवळला आणि मगच पाळणा खाली घेतला.

"ऐकू नाही आलं तुम्हाला?" तिने विचारलं. स्वतःचाच आवाज कळत नसल्यासारखी ती जरा मोठ्याने बोलत होती.

"काय?"

 मग ती म्हणाली, "गेलं वर्षभर तुम्ही चहाला गेलात की मी वरचे सूर खाली आणते, बाबा. लोक कान चोळतात. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

गेल्या वर्षभराची शाबासकी खरी कोणाची होती, याचा हिशेब करायला त्याला वेळच नव्हता. तिच्या उजव्या कानात शिट्टी वाजतच होती. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळीच तपासलं, औषध दिलं आणि चार दिवस पूर्ण शांतता सांगितली. "बहुतेक भरून येईल," त्या म्हणाल्या. 

चार दिवस त्याने घराचा पार मठ केला. दाराची घंटा काढली, दाराच्या फळीला चिंध्या चिकटवल्या, बायकोच्या हातातल्या भांड्यांवर नजर ठेवली. "आता मी श्वास घेऊ का, ते तरी सांगा," बायको एकदा वैतागून म्हणाली. रात्री-बेरात्री तो उठून लेकीच्या खोलीत डोकावायचा आणि काही न विचारता परत यायचा. आपला कान गेला तर गेला, वापरून गेला. तिचा कान मात्र आपण फुकट घालवला, हे त्याला गिळवत नव्हतं.

पाचव्या दिवशी लेक दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली. बारीकातला बारीक आवाज लागला तरी तिचा हात वर जात होता. डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या आलेखाचा कागद पुढे केला. रेघ जागेवर आली होती. कानसेन बाकावर बसला आणि चारचौघांत, लाज न बाळगता रडला.

त्याचं रडून झाल्यावर लेक म्हणाली, "आता तुम्ही."

तो मुकाट आत गेला. काचेतून डॉक्टरीणबाईंचा बटणावरचा हात दिसत होता. तो बघून कोणीही अचूक हात वर करू शकला असता, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पहिला आवाज आला, जाडा. त्याने हात वर केला. दुसरा, तिसरा, तेही पटकन लागले. चौथ्याला जरा वेळ लागला, पण लागला. मग आवाज यायचे थांबले. बाई कागद बदलत असतील, असं समजून तो हात तयार ठेवून बसला. बराच वेळ बसला.

दार उघडलं आणि लेक आत आली.

"झालं, बाबा."

"असं कसं?" तो म्हणाला. "बारीक आवाज अजून लावलेच कुठे त्यांनी?"

 लेकीने दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरचे हेडफोन अलगद काढले आणि त्याच्या शेजारी, त्या एवढ्याशा जागेत, टेकून बसली.