रिकामी हवा

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे एक खोली. खाली लाँड्री आहे, त्यामुळे दुपारी आमची फरशी कोमट असते आणि इस्त्रीची वाफ खिडकीवरून वर जाते. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. तिथे बसलं की आपण उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. स्टेशन इंटरनेटवर चालतं, त्यामुळे ऐकणारे कुठल्या कुठे पसरलेले आहेत, पण सगळे मिळून मूठभर.

दर शुक्रवारी दुपारी मी त्या आठवड्यात आलेली नवी गाणी लावते आणि एका कलाकाराला समोर बसवून गप्पा मारते. गप्पा मीच मारते, कलाकार मधूनमधून मान हलवतो. नवरा मला भोंगा म्हणतो. सासरी-माहेरी कुणीही आजवर त्याला हरकत घेतलेली नाही.

यंत्रांचं सगळं भाऊजी बघतात, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक राखणदार बसवला आहे. पाच सेकंद काहीच आवाज गेला नाही, तर तो आपणहून एखादं गाणं सुरू करतो. अशा शांततेला आम्ही रिकामी हवा म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि तो निघून जातो.

"वहिनी, तुमच्या कार्यक्रमात बिचाऱ्याला कामच नसतं," भाऊजी म्हणायचे.

त्या शुक्रवारची कलाकार चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी एक मुलगी होती. तिचं पहिलंच गाणं सकाळी आलं होतं, 'खाली या' नावाचं. गाताना ती कुठेही अडत नाही. बोलताना मात्र शब्द तिच्या ओठांशी येऊन बसून राहतो. हे तिनं मला आधीच लिहून कळवलं होतं. मी लिहिलं, गप्पा आधी रेकॉर्ड करू, मधल्या जागा भाऊजी कापून टाकतील. तिचं उत्तर आलं: "मधलं कापलं तर ती मी नाही. माझे बाबा ऐकणार आहेत. गाणं त्यांचं आहे, आणि तेवढं मला माझ्या तोंडानं सांगायचंय."

बाबा दूरच्या बंदरात क्रेन चालवतात. तेही अडखळतात, लेकीपेक्षा जास्त. वर केबिनमध्ये त्यांना बोलावं लागत नाही. खालचा माणूस हातानं खूण करतो आणि ते पेटी उचलतात. फोनवर ते अडले की समोरचा "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवून देतो, म्हणून त्यांनी फोन करणंच सोडून दिलं. बापलेक एकमेकांना फक्त लिहितात.

मी गाणं लावलं. त्यात फारसं काही नाही. एक मुलगी धक्क्यावर उभी राहून वर बघते आणि म्हणते, दिवस उतरला, आता तुम्हीही उतरा. पण ते सुरू झालं आणि फरशीची ऊब पायांतून वर चढायला लागली. वाटलं, आपली खोलीच कुणीतरी अलगद उचलली आहे, खाली लाँड्री लहान होत चालली आहे, वाळत घातलेल्या चादरी लहान होत चालल्या आहेत. कुठल्याशा उंचीवर खोली हलकेच झुलत राहिली. गाणं संपलं तेव्हा मला खरंच खुर्ची धरावीशी वाटली.

"हे गाणं कुणासाठी?" मी विचारलं.

"हे गाणं माझ्या ब..." आणि शब्द बसला.

ती थांबली. मीही कशीबशी थांबले. राखणदार थांबला नाही. त्यानं ढोल बडवणारं एक नाचाचं गाणं आमच्या डोक्यात घातलं. भाऊजींनी झटकन आवाज उतरवला. मुलीचे कान लाल झाले. मी काहीतरी विनोद केला, आता आठवत नाही, आठवण्यासारखा नसणार.

तिनं पुन्हा सुरुवात केली. "माझ्या ब..."

"बाबांसाठी, हो ना?" मी म्हणून गेले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणीतरी आपलं ताट उचलून नेल्यावर माणूस बघतो तसं. मला स्वतःचा संताप आला. राखणदार आणि मी एकाच माळेचे मणी.

"भाऊजी, तो राखणदार बंद करा."

"वहिनी, लोक निघून जातील."

"जाऊ देत."

त्यांनी बंद केला. मग रिकामी हवा आली. खालून इस्त्रीचा फुसकारा ऐकू आला, पाण्याचा नळ ऐकू आला, गाद्यांमधला कापूसही ऐकू येईल असं वाटलं. वाफ खिडकीवरून सावकाश वर जात होती. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघितली, आणि ते बरं वाटत होतं.

"माझ्या ब... ब... बाबांचं आहे हे गाणं," ती म्हणाली. "ते वर असतात. मी त्यांना ब... बोलावतेय."

ती हसली, आणि तेवढ्यात श्रोत्यांसाठी ठेवलेला फोन वाजला. मी तो सवयीनं सरळ कार्यक्रमात घेतला. पलीकडून कुणी बोलेना. "आवाज येत नाही" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी जीभ दातांखाली धरली.

फोनमध्ये वारा होता. लोखंडावर आपटणारा, उंचावरचा वारा. लांब कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला. मुलगी खुर्चीच्या टोकाशी आली.

"ब..." पलीकडचा पुरुष म्हणाला, आणि अडला.

भाऊजींचा हात बटणापासून दूर, मांडीवर होता. कुणीच हललं नाही. पुन्हा नुसता वारा आला.

"सावकाश, ब... बाबा," ती माइकजवळ येऊन म्हणाली. "इथं कुणी फोन ठेवणार नाही."

बऱ्याच वेळानं त्यांनी तिला घरच्या नावानं हाक मारली. पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. ते नाव मी, भोंगा असूनही, सांगणार नाही. जे थांबले होते त्यांनी ते ऐकलं.