लाकडी पायातलं विष

बाजारातल्या इमारतीचा दुसरा मजला. हॉलमध्ये ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे एक टब आणि टबात कुणाचे ना कुणाचे पाय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले बँकेतले साहेब, शेजारी शिंपीणबाई, पलीकडे एक आजोबा. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. कारण पाणी रंग बदलत होतं. आधी पिवळसर, मग तांबूस, मग थेट गटारासारखं तपकिरी.

"निघालं! माझं निघालं!" साहेब ओरडले.

"निघणारच!" हरितगुरू टबांमधून मिरवत होते. पांढरा कोट, कानाला माइक. "हा गाळ म्हणजे तुम्ही खाल्लेला मैदा. हे काळे कण म्हणजे पाकिटातले वेफर्स. आणि हा फेस?"

"थंड पेयं!" सगळे एका सुरात.

"शाब्बास! तळपायातून विष बाहेर, तोंडातून हिरवा रस आत. दूध नको, अंडं नको, गोळी तर नकोच नको. गाय कधी गोळी खाते का?"

टाळ्या पडल्या. कडेला बसलेली ताई पुटपुटली, "गुरांच्या डॉक्टरला विचारा की मेल्या."

ताईचा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. ती इथे आली होती ती धाकट्या बहिणीसाठी. छोटीचं चपलांचं दुकान होतं, आणि गेली तीन वर्षं ती नुसत्या पाल्यावर आणि फळांवर जगत होती. मागच्या आठवड्यात भर रस्त्यात तिच्या पायातली चप्पल निसटली आणि ही कोपऱ्यापर्यंत तशीच अनवाणी चालत गेली. चपला विकणारीला स्वतःची चप्पल गेलेली कळू नये!

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं. "भाज्या, कडधान्यं, फळं खाता ते उत्तमच. पण बी-बारा हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आधी कळत नाही. तो संपला की नसा बिघडतात. इंजेक्शनं घ्या. उशीर केलात तर पायांतली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही."

छोटीने इंजेक्शन घेतलं नव्हतं. आताही ती ताईशेजारी टबात पाय सोडून बसली होती. "ताई, मुंग्या येतात म्हणजे विष पायाकडे उतरतंय, असं गुरुजी म्हणतात."

"आणि पाय बधिर झाले की?"

"म्हणजे संपत आलं."

"वा! छापा पडला तर तो जिंकला, काटा पडला तर तू हरलीस!"

तेवढ्यात मदतनीस मुलीने किटलीतलं पाणी टबांत ओतलं. "अहो, भाजतंय!" साहेबांनी पाय वर घेतले. छोटीचे पाय लालबुंद झाले, पण चेहरा शांत.

"बघा! याला म्हणतात साधना!" हरितगुरू म्हणाले.

ताईने तिच्या टबात बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं. तिने छोटीचे पाय ओढून बाहेर काढले.

"काय गं करतेस? कोमटच तर आहे!"

ताई दुकानातून आणलेली मोठी पिशवी घेऊन रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. "गुरुजी, आता माझंही काढा विष."

रिवाजाप्रमाणे गुडघ्यांवर मोठा टॉवेल आला. ऊर्जा निसटू नये म्हणून टब झाकायचा असतो म्हणे. पाण्यात 'सिद्ध क्षार' पडला, टबातल्या दोन सळ्यांना जोडलेलं बटण दाबलं गेलं. थोड्या वेळाने हरितगुरूंनी टॉवेलची कड उचलून पाण्याचा रंग पाहिला आणि ते चुकचुकले.

"अरेरे! आजी, चाळीस वर्षांची बिस्किटं साचलीत. यकृत थकलंय. सांधे दुखतात ना?"

"कुणाचे?" ताईने टॉवेल बाजूला केला. तिचे स्वतःचे पाय खुर्चीखाली, कोरडे. टबात उभा होता एक लाकडी पाय! छोटीच्या दुकानात मोजे चढवून काचेत ठेवतात, तोच; ताईने पिशवीतून काढून टॉवेलखाली सरकवलेला.

आजोबा खो खो हसत सुटले. "याने कधी बिस्किटं खाल्ली हो?"

"लाकूड... लाकूडसुद्धा विष शोषतं," हरितगुरू चाचरले.

"मग तेही काढून ठेवू." ताईने ताजं पाणी भरून घेतलं, क्षार टाकला, बटण दाबलं. टबात कुणाचेच पाय नव्हते. पाणी तपकिरी झालंच.

"ऐका," ताई वर्गात बोलावं तशी सावकाश बोलली. "क्षार म्हणजे साधं मीठ. त्या सळ्या लोखंडाच्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. तुम्ही पाहताय तो मैदा नाही, गंज आहे. मीठ न घालता करा, पाणी जवळजवळ तसंच राहील. पण घरी बटणाशी खेळू नका, शॉक बसेल."

"पण मैदा, वेफर्स वाईटच ना?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"रोज खाल्ले तर वाईटच. ताटात भाज्या, डाळी जास्त असाव्यात हेही खरं. म्हणून तर याचं खोटं खपतं! खऱ्याच्या पुडीत बांधून विकतो हा चोर."

हरितगुरूंनी माइक काढला आणि जिन्याची वाट धरली. छोटी मात्र आपल्या पायांकडेच बघत होती. लाल कातडीवर आता फोड उठला होता.

"ताई, मला कळलंच नाही गं," ती हळूच म्हणाली. "चल डॉक्टरकडे."

इंजेक्शनं सुरू झाली. छोटीने पालेभाज्या सोडल्या नाहीत, सोडायचं कारणही नव्हतं. जे पाल्यात नाही ते औषधातून घेतलं, इतकंच. डाव्या पायाची करंगळी अजून मुकीच होती. मग एके दिवशी दुकानात तिचा पाय सांडलेल्या बारीक खिळ्यावर पडला.

"आई गं!" छोटी किंचाळली, आणि पुढच्याच क्षणी दोघी बहिणी गळ्यात गळे घालून हसायला लागल्या.

तो लाकडी पाय दुकानाच्या काचेत परत उभा आहे. घोट्यापर्यंतचा तपकिरी डाग छोटीने पुसू दिला नाही. मुलं विचारतात, हा डाग कसला? ती सांगते, "न विचारता विश्वास ठेवल्याचा. तुम्ही विचारत राहा रे."