शेळीला दिलेला निरोप

माणसं म्हणत्यात, धोंडीतात्याला रात्रीचं दिसतं. दिसतंय डोंबल! दोन वर्सं झाली, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. ताटातली भाकर दिसती, तिच्यावरची माशी दिसत न्हाई. पण हे मी कुणाला सांगितलं न्हाई. कावून सांगू? गावात रायफलीचं लायसन माझ्या एकट्याचं. रानडुकरं आली की माणसं माझ्या दारात येत्यात, तात्या तात्या करत्यात, घडीभर बसत्यात. रायफल गेली तर माझ्या दाराला कुत्रं बी यायचं न्हाई. माझी बायको सुंदरबाई वारल्यापासून माझ्यापाशी तेवढंच उरलंय.

यंदा दिंद्रुडच्या अलीकडं पाऊस पडलाच न्हाई. दिवाळी झाली अन् सारी तरणी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली. मागं राहिली म्हातारी अन् जनावरं. जनावरांच्या चाऱ्यासाठी सोसायटीनं नदीकाठी मका केला. गावात हिरवं म्हणून तेवढंच, अन् त्यातच डुकरं शिरली. चेअरमन अर्जुनराव जंगलखात्याचा परवाना घेऊन आले. म्हणले, "तात्या, सोसायटी तुमाला रातची दुर्बीण घेऊन देती. रायफलीवर बसवायची. तुमी फकस्त निवडा."

बंदुका दुरुस्त करणारा परळीचा वाहेद दोन दुर्बिणी आठ दिवसांच्या बोलीवर घेऊन आला. संध्याकाळी ओसरीवर त्यानं दोन्ही मांडल्या.

"चाचा, ही पैली. हिचा उजेड आपल्याला दिसत न्हाई, पण हिच्यातून जनावराचे डोळे चमकतात अन् माणूस माणसासारखा दिसतो. नजर मात्र चांगली पाहिजे. ही दुसरी ऊब बघती. गरम ते पांढरं, बाकी काळं. आंधळ्याला बी दिसंल."

आंधळा म्हणल्याबरोबर मी पहिली उचलली. डोळा लावला तर धुकंच धुकं. दुसरीतून अंगणातली मांजर पांढरीफेक दिसली.

"हीच," मी म्हणलं.

वाहेद माझ्या डोळ्यांकडं बघत राहिला. "चाचा, हिच्यात गरम काय हाय ते दिसतं. कोन हाय ते न्हाई दिसत."

"मला शिकवतो का बे! तुझा बाप माझ्याकडून बार भरायला शिकला."

त्यानं गुमान तीच दुर्बीण रायफलीवर बसवली अन् दुसऱ्या दिशी माळावर निशाण जुळवून दिलं.

अर्जुनरावांनी एक काम माझ्यावर टाकलं व्हतं. आज रातपासून नदीला कुणी जायचं न्हाई, हे घरोघर सांगायचं. सांगितलं. राहिली शेजारची बायनाबाई. ती माझ्या चुलतभावाची, सुग्रीवची बायको. सुग्रीव धाकटा, म्हणजे मी तिचा भासरा, अन् भासऱ्याशी भावजय बोलत न्हाई. चाळीस वर्सं झाली, सुग्रीव जाऊन बी नऊ झाली, पण आमचं तोंडाला तोंड न्हाई. आधी पोरं निरोप न्यायची. पोरं ऊसतोडीला गेली तवा शेळीवर आलं. ती माझ्या देखत शेळीला म्हणती, "शेळे, म्हणावं चुलीत इस्तू हाय का?" मी शेळीलाच म्हणतो, "शेळे, म्हणावं हाय, न्या." हसू नका. कैक दिवस माझं तेवढंच बोलणं असतं.

तसाच तिच्या दारात गेलो अन् मोठ्यानं म्हणलं, "शेळे, म्हणावं रातचं नदीला जाऊ नका. बार उडणार हाय." आतून हूं न्हाई की चूं न्हाई. तिनं कधी हूं केलंय? मी घरी आलो.

रात्री मक्याच्या बांधावर बसलो. आधी दुर्बीण गावाकडं फिरवली. काय ते गाव! घरामागून घर काळं. माणसाच्या उबेचा एक ठिपका न्हाई. मला लई वंगाळ वाटलं. सुंदरबाईचं नाव तोंडात आलं, ते गिळलं अन् नदीकडं बघितलं.

नदीत वाळू उकरून केलेला झिरा हाय. दिवसा कोरडा, रात्री वाटीवाटीनं पाझरतो. डुकरं लोळायला तिथंच येत्यात. तिथं पांढरा ढीग दिसला. वाकलेला, मुंडकं खड्ड्यात, पुढचे पाय हलत व्हते. चांगला मोठा नर! दुर्बिणीतली फुली मी त्याच्या खांद्यापाशी फऱ्यावर धरली, बोट चापावर ठेवलं, दम रोखला.

अन् खाकरलो.

शिकारी माणूस खाकरत न्हाई. पण झिऱ्यावर बाया असत्यात म्हणून तिकडं जाताना गड्यानं खाकरायचं, ही आमच्या गावची रीत. साठ वर्सांची सवय. डोळा चुकला, पण नरडं आपलं आपण बोललं.

डुक्कर असतं तर उधळलं असतं. त्या ढिगानं पुढचा पाय वर केला अन् डोक्यावर पदर घेतला. पांढरं मुंडकं काळपट झालं.

बोट चापावरून काढलं. मी काडतूस काढून खिशात घातलं अन् पोरासारखा रडलो. माझं खाकरणं ओळखून असा पदर घेणारी एकच, बायनाबाई. तिची घागर भरली, ती गेली. मागनं कळलं, दुपारी मी सांगायला गेलतो तवा ती सरपणाला गेली व्हती. निरोप एकट्या शेळीनं ऐकला.

सकाळी अर्जुनरावांच्या दारात रायफल ठेवली. म्हणलं, "मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, दिसत न्हाई." रायफल ठाण्यात जमा झाली. वाहेद दुर्बिणी घेऊन गेला, माझ्याकडं बघितलं बी न्हाई. राखणीला पलीकडच्या गावचा गडी आला. आठ दिवस माझ्या दारात कुणी आलं न्हाई. मला ठाऊकच व्हतं, तरी रोज दार उघडं ठेवून बसायचो.

नवव्या दिशी, गडी मक्यावर जायच्या आत, घागर उचलली अन् चाचपडत झिऱ्यावर गेलो. खाकरलो.

वाटीचा आवाज थांबला. शेळी संगट नव्हती. मग बायनाबाई आपल्या घागरीला म्हणली,

"घागरे, म्हणावं बसा. वाटी एकच हाय. उशीर लागंल."

मी माझी घागर वाळूत टेकवली अन् घागरीलाच म्हणलं, "म्हणावं, लागू द्या."